चार्ज : आप्पांचे तीन कागद आणि एक भरलेला गाडा

गेल्या महिन्यात दिवेलागणीच्या वेळी शेजारचे आप्पा आमच्या सोप्यावर येऊन बसले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत तीन कागद. पहिला वीजबिलाचा, डिचोलीतल्या त्यांच्या बंद घराचा. दुसरा काकींना इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा मिळालेला. तिसरा पिशवीच्या तळाशी चार घड्या घालून ठेवलेला, पुतण्यावरच्या मारामारीच्या केसमधल्या चार्जशीटच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. तिन्ही कागदांवर आप्पांनी पेन्सिलीनं एकेक शब्द गोल करून ठेवला होता. बिलावर ‘फिक्स्ड चार्ज’, इस्पितळाच्या कागदावर ‘डिस्चार्ज’ आणि कोर्टाच्या कागदावर ‘चार्जशीट’.

“चार्ज म्हळ्यार नेमकें कितें रे?” आप्पांनी विचारलं. घरात जळली नाही ती वीज, बरी होऊन आलेली बायको आणि कोर्टात अडकलेला पुतण्या, या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

माझं रोजचं काम भाषांतराचं. कोर्टाचे कागद, दस्त, दाखले इंग्रजीतून मराठीत आणायचे. ‘चार्ज’ हा शब्द माझ्या टेबलावरून दिवसातून दहा वेळा जातो आणि दर वेळी वेगळे कपडे घालून येतो. आप्पांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ त्यांच्या एकट्याचा नाही.

पेपर उघडला की चार्ज

कुठल्याही दिवसाचा पेपर घ्या. एका अधिकाऱ्याकडे दुसऱ्या खात्याचा ‘ॲडिशनल चार्ज’ दिलेला असतो. मोर्चावर ‘लाठीचार्ज’ झालेला असतो. विजेवरच्या गाड्यांसाठी ‘चार्जिंग स्टेशन’ येणार असतं. कुणावर तरी ‘चार्जशीट’ दाखल झालेलं असतं आणि कुणीतरी कोर्टातून ‘डिस्चार्ज’ झालेला असतो. खालच्या जाहिरातीत डिलिव्हरी ‘फ्री ऑफ चार्ज’. हे सगळं आपण मराठी पेपरातच वाचतो, मराठी वाक्यांत.

अर्थांच्या संख्येत मात्र ‘चार्ज’ पहिला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ या एकट्या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदवले होते. पुढे नव्या आवृत्तीचं काम करताना ‘रन’ या क्रियापदानं ६४५ अर्थांची मजल मारली. त्या मानानं ‘चार्ज’ लहान. पण ‘रन’चा अर्थ चुकला तर फार काही बिघडत नाही. ‘चार्ज’चा चुकला तर पैसे जातात, कधी माणसाची अब्रू जाते. म्हणून हा शब्द आधी समजून घेतलेला बरा.

सगळ्याच्या मुळाशी एक गाडा

प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. हा शब्दही त्यांनी शेजारच्या गॉल लोकांकडून घेतलेला. त्यावरून उत्तरकाळच्या लॅटिनमध्ये क्रियापद झालं ‘कार्रिकारे’, म्हणजे गाड्यावर माल चढवणं. ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं, तिथे ‘क’चा ‘च’ झाला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ‘चार्ज’ होऊन इंग्रजीत आलं. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता : ओझं, आणि ओझं लादणं.

बस्स, इतकंच. पुढचे सगळे अर्थ याच गाड्यावर चढलेले आहेत. कुणावर पैशाचं ओझं टाकलं तर तो बिलातला चार्ज. कामाचं टाकलं तर ऑफिसातला. गुन्ह्याचं टाकलं तर कोर्टातला. तोफेत दारू भरली तर तोही चार्ज आणि तारेतून वीज भरली तर तोही. ओझं उतरवलं की ‘डिस्चार्ज’, पुन्हा चढवलं की ‘रिचार्ज’, पेलवेल त्याहून जास्त चढवलं की ‘ओव्हरचार्ज’.

मी एवढं म्हटलं आणि आप्पा एकदम सरसावून बसले. “म्हणजे कार्गा!”

आप्पा ऐंशी ओलांडलेले. १९६१च्या गोवा मुक्तीपूर्वी ते पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत शिकले आहेत. पोर्तुगीजमध्ये ‘कार्गा’ म्हणजे ओझं, माल. ‘कार्रेगार’ म्हणजे भरणं, लादणं. आजही लिस्बनमधला माणूस मोबाइल चार्जिंगला लावतो तेव्हा तो ‘कार्रेगार’च करतो. ‘कार्गु’ म्हणजे हुद्दा, पद. ‘डेस्कार्गा’ म्हणजे माल उतरवणं, आणि विजेचा किंवा बंदुकीचा बार सुटणं, तेही. इंग्रजीत जे ‘चार्ज’नं केलं, ते पोर्तुगीजनं त्याच मुळापासून आपल्या पद्धतीनं केलं. मुरगाव बंदरात उतरणारा ‘कार्गो’, आपल्या दारातली ‘कार’, बॅग उचलताना म्हणतो ते ‘कॅरी’, ही सगळी त्याच गाड्याची पोरं.

या घराण्यातलं एक नातं मला फार आवडतं. इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे लादणं, आणि पुढे वाढवून सांगणं. त्यावरून ‘कॅरिकेचर’ झालं, म्हणजे अर्कचित्र. माणसाच्या नाकावर, मिशीवर, पोटावर चित्रकार जरा जास्तीचं वजन टाकतो म्हणून ते ‘लादलेलं’ चित्र. लोटलीच्या मारिओ मिरांडांची गावातली माणसं डोळ्यांसमोर आणा. ते टपोरे डोळे, ती भरगच्च शरीरं. चार्जशीट आणि मारिओंचं चित्र एकाच शब्दाच्या पोटातून आलेलं आहे.

मराठीत हे काम ‘भार’ करतो. संस्कृत ‘भृ’ म्हणजे धारण करणं, वाहून नेणं. त्यातून भार आणि त्यातूनच भरणं. इंग्रजीतले ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ हेही त्याच आदिम मुळाचे, म्हणजे आपल्या ‘भारा’चे लांबचे भाऊ. कार्यभार, प्रभारी, विद्युतभार हे शब्द कुणी ‘चार्ज’साठी घडवले तेव्हा त्यांना परका साचा उसना आणावा लागला नाही. ओझ्याचं चित्र आपल्याकडे आधीपासून होतं. उपकाराचंही आपण ओझंच मानतो. ‘आभार’ शब्दात भार बसलेला आहेच.

पैशाचं ओझं

आता आप्पांचा पहिला कागद. घर बंद, मेन स्विच बंद, मीटर हलला नाही, तरी बिल आलं. गोव्यात हा अनुभव घरोघरी आहे. मुलं मुंबईला, आखातात नाहीतर युरोपात असतात, गावच्या घराला कुलूप आणि महिन्याचं बिल चालू.

वीजबिलात मुख्य दोन ओझी असतात. वापरलेल्या युनिटांचं ते एनर्जी चार्ज. दुसरा फिक्स्ड चार्ज, मराठीत ‘स्थिर आकार’. तो विजेचा नसून जोडणीचा असतो. तुम्ही कुठल्याही क्षणी बटण दाबलंत तर वीज यायलाच हवी, म्हणून खात्याला खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि माणसं कायम ठेवावी लागतात. खाणावळीत महिन्याचा डबा लावावा तसं हे आहे. चार दिवस गावाला गेलात तरी तुमची जागा धरलेली असते. वापर शून्य असेल तर युनिटांचा आकार शून्य होतो, स्थिर आकार राहतोच. घर वर्षानुवर्षं बंद राहणार असेल तर जोडणी रीतसर बंद करून घेणं हा मार्ग आहे. आप्पांना ते नको. चतुर्थीला घर उघडतं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतात, दिवे लागतात.

बाकी पैशाचे चार्ज सोपे आहेत. क्लबच्या दारातला ‘कव्हर चार्ज’ म्हणजे आत जाण्याचं शुल्क. ते पुढच्या खाण्यापिण्यात वळतं करतात की नाही, हे आधी विचारून घ्यावं. हॉटेलच्या बिलातल्या ‘सर्व्हिस चार्ज’ची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती प्रत्येकाला माहीत असायला हवी. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलनं तो आपोआप बिलात टाकू नये, द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवावं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. जीएसटी द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज नको म्हणायचा हक्क तुमचा आहे.

व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेला ‘रिव्हर्स चार्ज’ तर नावातच उलगडतो. एरवी जीएसटी भरण्याचं ओझं माल किंवा सेवा देणाऱ्यावर असतं. काही व्यवहारांत ते उलटून घेणाऱ्यावर टाकलेलं आहे. व्यवसायासाठी वकिलाची सेवा घेतली तर कर वकील भरत नाही, तो व्यवसाय भरतो. गाडा तोच, फक्त बैल दुसऱ्या टोकाला जुंपले.

जमिनीच्या कागदांतला चार्ज ही माझ्या दृष्टीनं मराठीची कमाल आहे. बँकेनं घरावर कर्ज दिलं की बँकेच्या भाषेत त्या मालमत्तेवर बँकेचा ‘चार्ज’ येतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १००व्या कलमात ‘चार्ज’ची व्याख्याच आहे. महाराष्ट्रात याला लोक पिढ्यान्‌पिढ्या काय म्हणतात? ‘सातबारावर बोजा चढला.’ बोजा म्हणजे ओझं. लॅटिन न शिकता तलाठ्याच्या कचेरीत बसलेला माणूस नेमक्या मुळावर बोट ठेवतो. आपल्याकडे गोव्यात सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा आहे. पण जमीन घेताना वकील ‘निल एन्कम्ब्रन्स’चा दाखला मागतो तेव्हा तो हेच विचारत असतो की या जमिनीवर कुणाचा बोजा नाही ना.

कामाचं ओझं

‘चार्ज घेतला’, ‘चार्ज सोडला’, ‘ॲडिशनल चार्ज’ यांसाठी मराठीत कार्यभार आणि अतिरिक्त कार्यभार आहेत, रुळलेलेही आहेत. इथे इंग्रजीतली फक्त एक खाच सांगतो, कारण तिच्यात मीही सुरुवातीला पडलो आहे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. मध्ये ‘द’ आला आणि ‘इन द चार्ज ऑफ’ झालं की सांभाळला जाणारा. बाई मुलाच्या ‘इन चार्ज’ असतात, मूल बाईंच्या ‘इन द चार्ज’ असतं. तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द गळला की पाळण्यातलं पोर घराचं प्रभारी होतं. ताबा आणि पालकत्वाच्या कागदांत ही चूक महागात पडते.

बैल, तोफ आणि मोबाइल

हल्ल्याचा अर्थ कुठून आला? आता बंदी असलेल्या धिरयोत, म्हणजे बैलांच्या झुंजीत, बैल कसा येतो ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. मान खाली घालून तो अंगाचा सगळा भार पुढच्या दोन पायांवर आणि शिंगांवर आणतो आणि सुटतो. आपलं वजन समोरच्यावर टाकणं, म्हणून तो चार्ज. घोडदळाचा चार्ज तसाच, लाठीचार्ज त्याचाच वंशज. फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या पोरांना ‘शोल्डर चार्ज’ ठाऊक असतो. हात अंगाशी धरून खांद्यानं भार देणं नियमात बसतं, बेफिकीरपणे किंवा जास्त जोरानं दिला तर फाउल.

विजेच्या अर्थाकडे जाणारी वाट तोफेतून जाते. तोफ डागण्याआधी तिच्यात दारू ठासायची, गोळा भरायचा. हे भरणं म्हणजे चार्ज आणि बार उडणं म्हणजे डिस्चार्ज. आग्वादच्या किल्ल्यासारख्या तटावर ओळीनं मांडलेल्या तोफांना ‘बॅटरी’ म्हणत. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ बडवणं. आता १७४०च्या दशकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन काचेच्या बरण्यांत वीज साठवण्याचे प्रयोग करत होते. बरणी भरायची आणि स्पर्श झाला की ठिणगी उडून ती रिकामी व्हायची, अगदी तोफेसारखी. त्यांनी तोफखान्याचेच शब्द उचलले. बरणी भरली ती ‘चार्ज’ झाली, रिकामी झाली ती ‘डिस्चार्ज’, आणि ओळीनं जोडलेल्या बरण्या ‘बॅटरी’. आज आपण रात्री मोबाइल उशाशी चार्जिंगला लावतो तेव्हा तटावरच्या गोलंदाजाचे शब्द वापरत असतो.

पण इथे चित्र थोडं फसवं आहे. लोकांना वाटतं, भिंतीतून वीज येते आणि बॅटरीत साठते, घागरीत पाणी साठावं तशी. बॅटरीत बाहेरचं काही भरलं जात नाही. विहिरीतलं पाणी पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवतो तेव्हा नवं पाणी तयार होत नाही, असलेलंच वर जातं. पंपाला वीज लागते, आणि वर गेलेलं पाणी खाली येताना काम करतं. मोबाइलच्या बॅटरीत लिथियमचे सूक्ष्म कण एका बाजूला असतात. चार्जर त्यांना जोर लावून दुसऱ्या बाजूला नेतो. फोन वापरताना ते परत फिरतात. शंभर टक्के भरलेल्या बॅटरीतही एकूण विद्युतभार शून्यच असतो, टाकी आणि विहीर मिळून पाणी तेवढंच असावं तसा.

हे कळलं की पॉवर बँकेचं कोडंही सुटतं. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएचचा फोन दोनदा का भरत नाही? एमएएच म्हणजे मिलीॲम्पिअर-तास, विद्युतभाराचं माप. ते टाकीत पाणी किती ते सांगतं, टाकी किती उंच ते सांगत नाही. पॉवर बँकेच्या आतली बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची, वायरमधून ती बहुधा ५ व्होल्टनं देते. उंची वाढवायची तर पाणी कमी पडणार, शिवाय वाटेत उष्णतेनं थोडं सांडणार. म्हणून फोन दोनदा न भरता दीड वेळा, कधी थोडा अधिक भरतो. बहुतेक वेळा दुकानदारानं फसवलेलं नसतं, आकडा वेगळ्या गोष्टीचा असतो.

एक शंका हुशार मुलं नेहमी काढतात. भार म्हणजे ओझं, तर ‘ऋण भार’ कसा असेल? ओझं शून्याच्या खाली कसं जाईल? याचं उत्तर गाड्यापाशी मिळत नाही, ते वहीखात्यात आहे. फ्रँकलिननी वीज जास्त झाली तिथे अधिक आणि कमी पडली तिथे उणे लिहिलं, जमाखर्चासारखं. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्येच अधिक संख्यांना ‘धन’ आणि उणे संख्यांना ‘ऋण’ म्हटलं होतं, म्हणजे संपत्ती आणि कर्ज. फ्रँकलिनचा अंदाज मात्र उलटा पडला. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि तारेतून प्रत्यक्ष धावणारा कण ऋण निघाला. तोवर सगळी पुस्तकं छापून झाली होती, खूण तशीच राहिली.

चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे

आता तिसरा कागद. खरं तर याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

आप्पांच्या पुतण्याचं लग्न ठरत आलं होतं. वर्षापूर्वीच्या एका भांडणात गंभीर दुखापतीचं कलम लागलेलं. तो म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो. खरं काय ते मला माहीत नाही, ते कोर्टानं ठरवायचं आहे. पण गावात ‘चार्जशीट झालं’ एवढं पसरलं आणि मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की आता नको. ‘झालं’ या शब्दानं सगळा घात केला. जणू निकाल लागला.

गाड्याचं चित्र पुन्हा घेऊ. कुणीतरी पोलिसांत जाऊन सांगतं की हे ओझं अमुक माणसाचं आहे. ती तक्रार नोंदली गेली की एफआयआर. इथे फक्त बोट दाखवलेलं असतं. मग पोलीस तपास करतात. पुरावा दिसला तर ओझ्याची यादी करून कोर्टापुढे मांडतात : कुठली कलमं, कुठले साक्षीदार, कुठले जप्त केलेले सामान. ती यादी म्हणजे चार्जशीट, आरोपपत्र. पुरावा दिसला नाही तर तपास बंद करण्याचा अहवाल देतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १९३ मध्ये आहे. तपासाच्या शेवटी पोलिसांनी द्यायचा अहवाल, एवढाच त्याचा दर्जा. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत तपास पुरा करून तो द्यावा लागतो, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे चार्जशीट वेळेत दाखल होणं ही कामाची पायरी आहे. त्यातून गुन्हा सिद्ध होत नाही.

अजून ओझं माणसाच्या डोक्यावर चढलेलं नाही, हे लक्षात घ्या. ते चढवायचं की नाही हे न्यायाधीश ठरवतात. कागद वाचतात, दोन्ही बाजू ऐकतात. पुढे जाण्याइतका आधार दिसला तर ‘आरोप निश्चित’ करतात आणि आरोपीला वाचून दाखवून विचारतात, हे कबूल आहे का? हा खरा ‘चार्ज’. छोट्या गुन्ह्यांत ही पायरी साधेपणानं उरकते. इथेही पाहायचं असतं ते सकृद्दर्शनी आधार आहे का, एवढंच. शिक्षेसाठी गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि तो टप्पा साक्षीपुरावे, उलटतपासणी सगळं झाल्यावर येतो. कधी कधी कित्येक वर्षांनी.

आधारच दिसला नाही तर न्यायाधीश ओझं चढवतच नाहीत. तो डिस्चार्ज, आरोपमुक्ती. काकींना इस्पितळातून मिळाला तोच शब्द. तिथे इस्पितळानं आपल्यावरची काळजी उतरवून त्यांना घरी सोडलं, इथे कोर्टानं आरोप उतरवून माणसाला सोडलं. मात्र आरोपमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांत फरक आहे. आरोपमुक्ती खटला उभा राहण्याआधी होते, आणि पुढे नवा भक्कम पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उघडू शकतं. निर्दोष मुक्तता खटला पुरा चालून होते. अपिलात ती फिरली नाही तर त्याच गुन्ह्यासाठी माणसाला पुन्हा उभं करता येत नाही. आमच्या पेपरांत दोन्हींना सर्रास ‘निर्दोष सुटका’ म्हणतात. घाईत लिहिणाऱ्याची अडचण मला कळते, पण एका बाजूला खोटा दिलासा जातो आणि दुसऱ्या बाजूला खरा दिलासा फिका पडतो.

चार्जशीटसाठी ‘दोषारोपपत्र’ हा शब्द तर मला मनापासून खटकतो. त्यात ‘दोष’ पहिला येतो आणि वाचणारा तिथेच थांबतो. ‘आरोपपत्र’ पुरेसं आहे. आणि आरोप हा मोठा प्रामाणिक शब्द आहे. संस्कृतात ‘आरोप’ म्हणजे वर ठेवणं, चढवणं. रोप लावतो त्यातलं ‘रोप’ही याच धातूचं. आपण आरोप ‘ठेवतो’. ठेवलेली वस्तू उचलूनही ठेवता येते.

मग सरळ मराठी शब्दच का वापरू नयेत?

वापरावेत, आणि जिथे आहेत तिथे हट्टानं वापरावेत. एका ‘चार्ज’च्या जागी आपल्याकडे आकार, शुल्क, कार्यभार, आरोप, हल्ला, बोजा, विद्युतभार असे निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजी वाचकाला मागचंपुढचं वाक्य बघून अर्थ लावावा लागतो, मराठीत शब्दच अर्थ सांगतो. ‘लाठीमार’ असताना ‘लाठीचार्ज’ची गरज काय, हे मला कधी कळलं नाही.

पण सगळीकडे हा हट्ट चालत नाही. मोबाइल ‘प्रभारित’ करा असं मी आप्पांना म्हटलं तर ते मला पाणी आणून देतील. ‘चार्जिंगला लाव’ हे आता मराठीच आहे, ‘लाव’ मुळे तर पक्कं मराठी. आणि आपले शब्दही दुधारी आहेत. एका वाचकानं मला विचारलं होतं, बिलातल्या ‘स्थिर आकारा’चा कशाच्या आकाराशी संबंध आहे, मीटरच्या की घराच्या?

एका शब्दाला इतके अर्थ, हा इंग्रजीचा गोंधळच नाही का?

आपलं ‘लागणं’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो. नोकरी लागते, बस लागते (थांब्यावरही आणि पोटातही). फणसाला गरे लागतात, गाव लागतो, पत्ता लागतो, वेड लागतं, दिवे लागतात, निकाल लागतो, पैसे लागतात आणि कुणाचं बोलणं मनाला लागतं. कोकणीत आणि मराठीत वाढलेल्या पोराला यातलं काहीही कुणी शिकवत नाही. एखादी गोष्ट दुसरीला येऊन भिडणं हे चित्र त्याच्या मनात असतं आणि बाकीचं आपोआप जुळतं. जे शब्द रोज हाताळले जातात त्यांनाच इतके अर्थ फुटतात.

इंग्रजी वाक्यात ‘चार्ज’ आला की मी दोनच गोष्टी बघतो. हे ओझं कशाचं, आणि ते कुणावर. पुढचा छोटा शब्द बहुतेक वेळा उत्तर देतो. ‘चार्ज’नंतर ‘विथ’ आला तर गुन्हा, ‘फॉर’ आला तर पैसे, ‘ॲट’ आला तर अंगावर धावून जाणं, ‘टू’ आला तर कुणाच्या तरी खात्यावर रक्कम टाकणं. ‘चार्ज्ड विथ’च्या जागी ‘चार्ज्ड फॉर’ वाचलंत तर कोठडीतला माणूस हॉटेलचं बिल भरताना दिसेल.

एवढं बोलेपर्यंत बाहेर चांगलाच अंधार पडला होता. आप्पांनी खिशातून तीच आखूड पेन्सिल काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कागद मांडीवर ठेवले. बिलावरच्या गोलाशेजारी लिहिलं, ‘जोडणीचे. चतुर्थीपर्यंत राहू दे.’ इस्पितळाच्या कागदावर, ‘घरी सोडली.’ तिसऱ्या कागदावर त्यांची पेन्सिल जरा वेळ थांबली. मग त्यांनी लिहिलं, ‘आरोपपत्र. ठरायचे आहे,’ आणि ‘ठरायचे’च्या खाली रेघ ओढली. मुलीच्या वडिलांकडे उद्या स्वतः जाऊन हाच कागद दाखवतो म्हणाले, आणि मी बरोबर येईन का, असं विचारलं. सकाळी साडेआठच्या बसनं आम्ही निघालो.